वादळाआधीचा अर्धा तास

बीथोव्हेनची सहावी सिम्फनी सुरू होते ती षड्ज-पंचमावर. व्हायोला आणि चेलो खाली एफ आणि सी हे दोन स्वर धरतात. एफला सा मानला तर हा थेट आपला सा-प. त्यावर व्हायोलिनं गंधारापासून एक छोटीशी ओळ उचलतात, मध्यमावरून धैवताला स्पर्श करून खाली येतात, खालच्या पंचमाला शिवून पुन्हा वर चढतात आणि चौथ्या बारमध्ये रिषभावर येऊन थांबतात. वाजणारे सगळेच थांबतात. स्वरलेखनात त्या जागी थांबण्याची खूण आहे आणि किती वेळ थांबायचं ते कंडक्टरवर सोपवलेलं आहे. चाळीस मिनिटांच्या रचनेचे जेमतेम काही सेकंद झालेले असतात, तेवढ्यात बीथोव्हेन आपल्याला थांबायला लावतो.

'पास्टोरल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिम्फनीविषयी लिहिताना बहुतेक जण ओढ्याविषयी, पक्ष्यांविषयी आणि वादळाविषयी लिहितात. माझ्या कानाला ती वाट पाहण्याची रचना वाटते. रेकॉर्डवर हे पुरतं उमगत नाही. सभागृहात बसून ही सिम्फनी ऐकता ऐकता पाहिली की उमगतं.

परभणीच्या माणसाला वाट पाहणं शिकवावं लागत नाही. मृग कोरडा गेला की आर्द्राची वाट, आर्द्रा गेली की पुनर्वसूची. काळ्या जमिनीत तिफण चालली की उगवणीची वाट, उगवलं की उघडिपीची, उघडीप लांबली की पुन्हा पावसाची. आणि सप्टेंबर सरत आला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या, की वाट उलटी होते. आता नको, काढणी होईपर्यंत येऊ नको, असं आभाळाकडे बघून म्हणायचे ते दिवस. अशाच एका सप्टेंबरात रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून मी ही सिम्फनी ऐकली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. १७७० साली जर्मनीतल्या बॉन शहरात जन्मलेल्या माणसाचं संगीत ऐकायला परभणीहून निघताना ती ओठांवर येणं साहजिक होतं, आणि ती मी अभिमानानेच म्हटली.

नरिमन पॉइंटच्या टोकाला समुद्राला लागून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे, म्हणजे एनसीपीए. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकारातून १९६९ साली ही संस्था उभी राहिली. तिच्या आवारातलं टाटा थिएटर १९८० मधलं, फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुविशारदाने आखलेलं. जवळच १९९९ साली उघडलेलं जमशेद भाभा थिएटर आहे, सुमारे १,१०० खुर्च्यांचं. ते उभं राहत असताना आगीत जळलं होतं. जमशेद भाभांनी उतारवयात ते पुन्हा बांधून घेतलं. आत शिरताच समोर संगमरवरी जिना दिसतो. तो मुंबईतल्या जुन्या पेटिट हॉलमधून आणून इथे बसवलेला आहे, आणि त्याच्या पायऱ्या चढताना या शहराचं वय तळव्यांना कळतं.

मुंबईत सिम्फनी ऐकण्याची परंपरा या इमारतीहून बरीच जुनी आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला, पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी झुबिन जन्मले. त्या काळी मैफली रंगत त्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९११ सालची ती वास्तू आज आधुनिक कलेचं संग्रहालय झाली आहे आणि तिथे चित्रं पाहायला जातात. एनसीपीएचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये उभा राहिला, खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या प्रयत्नांतून. झुबिन मेहतांनी २०२३ मध्ये या ऑर्केस्ट्राचं संचालन केलं, तेव्हा वडिलांनी पेरलेलं मुलाच्या हातून काढणीला आलं असं मला वाटलं होतं.

आपल्या भागातल्या रसिकाला हा आवाज परका वाटेल अशी भीती काही जण घालतात. तसं मुळीच नाही. विविध भारतीवर वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यांच्या मागे व्हायोलिनांचे ताफे होतेच. शंकर-जयकिशनच्या गाण्यांसाठी सेबास्टियन डिसूझा यांनी लिहिलेले वाद्यमेळ, अँथनी गोन्साल्व्हिस यांनी गोव्याच्या मातीतून मुंबईत आणलेलं स्वरलेखन, सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून बांधलेलं 'छाया' चित्रपटातलं गाणं, हे सगळं सेलू-जिंतूरच्या पानपट्ट्यांवरही वाजलं आहे. आपला कान तयार आहे. गाण्यातला गायक बाजूला केल्यावर मागचं सगळं पुढे येतं, एवढंच नवीन असतं.

मी मुद्दाम बाल्कनीत बसले होते. वरून अख्खा वाद्यमेळ नकाशासारखा उलगडतो. डावीकडे पहिली व्हायोलिनं, मग दुसरी, व्हायोला, चेलो, उजव्या कडेला उंच डबल बास. मध्ये लाकडी फुंकवाद्यं: दोन बासरी, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून. त्यांच्यालगत दोन हॉर्न. आणि अगदी मागे, सगळ्यांच्या डोक्यावरून दिसेल असा, दोन तांब्याच्या नगाऱ्यांमागे एक माणूस. टिंपनीवादक.

तो काहीही वाजवत नाही. पहिला भाग संपतो, तो बसलेला. दुसरा संपतो, तो बसलेला. तिसऱ्यात सगळे नाचायला लागतात, तरी तो बसलेलाच. त्याच्या जवळपास दोन ट्रॉम्बोनवाले वाद्यं मांडीवर घेऊन गप्प. पिकोलो ही सर्वांत छोटी, सर्वांत तीक्ष्ण बासरीही गप्पच. बीथोव्हेनने टिंपनीला या सिम्फनीच्या पाच भागांपैकी फक्त चौथ्यात काम दिलं आहे. पिकोलोलाही फक्त तिथेच. ट्रॉम्बोन येतात ते चौथ्यात आणि पाचव्यात. पाचवी सिम्फनी तो याच काळात लिहीत होता आणि तिच्यात टिंपनी पहिल्या भागापासून गर्जते. म्हणजे नगाऱ्याचं मोल त्याला पुरेपूर ठाऊक होतं. इथे त्याने ते जवळजवळ अर्धा तास राखून ठेवलं. सीडीवर ऐकताना नगारा वाजत नाही हे लक्षातही येत नाही. सभागृहात मात्र तो न वाजणारा माणूस सतत दिसत राहतो, आणि हळूहळू आपणही त्याच्याबरोबर थांबतो.

पहिल्या भागाला बीथोव्हेनने नाव दिलं आहे ते गावाकडे पोचताच मनात जाग्या होणाऱ्या प्रसन्न भावांचं. या भागाच्या मध्यावर एक जागा आहे जिच्यासाठी मी ही सिम्फनी पुन्हा पुन्हा ऐकते. सुरुवातीच्या ओळीतला एका बारचा तुकडा तो उचलतो आणि तोच पुन्हा वाजवतो, पुन्हा, पुन्हा. स्वर बदलत नाहीत, लय बदलत नाही. आधार मध्यमाचा, बी-फ्लॅटचा, तोही हलत नाही. फक्त आवाज वाढत जातो आणि वाद्यं बदलत जातात. मग एकदम, काही सूचना न देता, सगळा आधार उचलून धैवतावर, डी वर, ठेवला जातो. तुकडा तोच. पण उन्हात ढगाची सावली सरकून शेताचा रंग बदलावा तसा सगळा रंग बदलतो. पाश्चात्त्य संगीताच्या काही अभ्यासकांना इतकी पुनरावृत्ती बीथोव्हेनसारख्या नाट्यमय संगीतकाराला न शोभणारी वाटली. गंगाखेडच्या जनाबाईच्या मुलखातल्या माणसाला तसं वाटणार नाही. जात्यावरची ओवी एकाच चालीत पहाटभर चालते. चाल बदलत नाही म्हणूनच बाईचं मन त्या चालीत मोकळं फिरू शकतं. बीथोव्हेनची ही पुनरावृत्ती त्याच जातीची आहे. गावाला पोचलेला माणूस कुठे जायच्या घाईत नसतो.

दुसरा भाग ओढ्याकाठचा. बारा-आठच्या संथ हेलकाव्यात दुसरी व्हायोलिनं, व्हायोला आणि दोन चेलो पाणी वाहतं ठेवतात. त्या दोन चेलोंच्या घोडीवर आवाज मऊ करणारा चिमटा लावलेला असतो; बाकीचे चेलो बासांबरोबर वेगळे वाजतात. १८०३ च्या सुमारास बीथोव्हेनने आपल्या टिपणवहीत वाहत्या ओढ्याचा आवाज उतरवून ठेवला होता आणि सोबत शेरा लिहिला होता की ओढा जितका मोठा तितका त्याचा स्वर खोल. त्या शेऱ्यातून त्याचा कान कळतो. आमच्या दुधनेच्या पात्रात वर्षाचे कितीतरी महिने वाळूच असते, म्हणून हा भाग ऐकताना एक ओढ लागते. बारा-तेरा मिनिटं पाणी नुसतं वाहत राहतं. ही चैन वाटते, आणि ती बीथोव्हेनने अजिबात हात आखडता न घेता दिली आहे.

भागाच्या शेवटी पाणी थांबतं आणि तीन पक्षी बोलतात. बासरीत नाइटिंगेल, ओबोत लावा, दोन क्लॅरिनेटमध्ये कुकू. स्वरलेखनात त्यांची नावंही लिहिलेली आहेत. यावर टीका पुष्कळ झाली: इतका मोठा संगीतकार, आणि पक्ष्यांच्या नकला करतो? ही टीका मला पटत नाही. हे पक्षी निसर्गाचं चित्र रंगवायला आणलेले नाहीत. सबंध भागभर गाणं अखंड चाललेलं आहे, ते क्षणभर मोकळं होतं आणि बसलेला माणूस मान वर करून ऐकतो. इथेही थांबणंच आहे. बीथोव्हेनने पहिल्या प्रयोगाच्या वेळीच सांगून ठेवलं होतं की ही सिम्फनी चित्र काढण्यापेक्षा भाव व्यक्त करण्यासाठी आहे. पक्ष्यांच्या या जागेला ते वाक्य सगळ्यांत जास्त लागू पडतं.

तिसऱ्या भागात गावकरी जमतात आणि नाच सुरू होतो. इथे ओबो एक चाल धरतो ती ठोक्याच्या जरा पुढेमागे पडत राहते, जणू वाजवणाऱ्याला सम नेमकी सापडत नाही. खाली बसून मधूनच दोन-तीन स्वर टाकतो, सा आणि प, एवढेच, आणि पुन्हा गप्प होतो. हा गावातल्या वाजंत्र्यांचा ताफा आहे. लग्नात सनईबरोबर नुसता सूर धरणारा माणूस ज्याने जवळून पाहिला आहे त्याला तो बसूनवाला लगेच ओळखू येईल. अडाणी वादकांची ही थट्टा आहे असं बरेच जण लिहितात. मला तिच्यात माया दिसते, कारण थट्टा करायची असती तर त्या दोन स्वरांना इतक्या नेमक्या जागा मिळाल्या नसत्या.

नाच रंगात येतो. आतापर्यंत गप्प असलेले ट्रम्पेट आता सामील झालेले असतात. लय वाढते, सगळे मिळून समेकडे धावतात, आता शेवटचा सा येणार अशी कानाची खात्री होते. तो येत नाही. त्याऐवजी चेलो आणि बास यांच्या तळातून एक थरथर उठते, डी-फ्लॅटवर, म्हणजे आपल्या कोमल धैवतावर. आवाज अगदी हलका. नाच अर्धवट सुटलेला. बाल्कनीत बसून मी त्या क्षणी मागे पाहिलं. टिंपनीवाल्याने काठ्या हातात घेतल्या होत्या.

पुढचे वीस बार तो वाजवत नाही. दुसरी व्हायोलिनं तुटक स्वरांत थेंब पाडायला लागतात, पहिली व्हायोलिनं एक छोटा, भ्यालेला हुंकार देतात, थेंब पुन्हा पडतात, जरा वर, जरा जवळ. मग एफ मायनरमध्ये सगळं फुटतं आणि नगारा पहिल्यांदा कडाडतो. अर्धा तास थांबलेल्या माणसाचा तो पहिला आघात नुसता कानाने ऐकायचा राहत नाही, खुर्चीच्या पाठीतून अंगात येतो.

या गडगडाटाची घडण कारागिराने निरखून पाहावी अशी आहे. चेलो एका ठोक्यात पाच स्वर वाजवतात आणि त्याच ठोक्यात, त्याच तळात, बास चार वाजवतात. पाच आणि चार जुळत नाहीत. त्या न जुळण्यातून स्पष्ट स्वर असा उरत नाही, नुसता घोंगावता गुरगुराट उरतो. लयकारी जाणणाऱ्या तबलजीला पाचावर चार म्हणजे काय ते सांगायला नको. पण तबल्यात ती गणितं सुटी ऐकू यावीत म्हणून मांडली जातात. इथे ती कुणालाच ऐकू येऊ नयेत म्हणून मांडली आहेत. टिपेला पोचल्यावर पिकोलोची किंकाळी येते आणि मग ट्रॉम्बोन. बस्स. सगळं मिळून साडेतीन-चार मिनिटं.

पावसाचं संगीत म्हटलं की आपल्या मनात मल्हार येतो. मियाँ मल्हारातले दोन निषाद, मंद्रातली ती घनगंभीर घोळण, आंदोलित कोमल गंधार. मल्हारातला पाऊस हवाहवासा असतो, तो यावा म्हणून गायचं असतं, आला की भिजायचं असतं. बीथोव्हेनचा पाऊस तो नव्हे. हा मृगाचा पाऊस नाही. हा नाचणाऱ्या माणसांवर कोसळणारा, उभ्या पिकात शिरणारा पाऊस आहे, आम्ही ज्याला परतीचा म्हणतो तो, किंवा २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारा घेऊन आला तो. मल्हाराने आपल्याला पावसाची आस दिली. पावसाचं भय स्वरांत कुणी इतक्या सच्चेपणाने मांडलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. ज्याच्या घरी सोयाबीन काढून रानात ढीग लावलेला आहे आणि पश्चिमेला आभाळ काळं होत चाललं आहे, त्याला ते वीस बार समजावून सांगायला लागत नाहीत.

या सिम्फनीतली सर्वांत मोठी जागा मात्र वादळात नाही, वादळ सरताना आहे. नगारा लांब जातो, तळातली थरथर विरते, आणि ओबो एक शांत, लांब ओळ वाजवतो. प्रार्थनेसारखी. ती कुठून आली ते शोधायला गेलं की अंगावर काटा येतो. वादळाच्या आरंभी दुसऱ्या व्हायोलिनांनी पाडलेले ते तुटक थेंबच आहेत हे. तीच स्वराकृती, फक्त संथ केलेली, जोडून घेतलेली. ज्या थेंबांनी माणसं भेदरून पळाली त्याच थेंबांची आता प्रार्थना झाली. बीथोव्हेनने कृतज्ञतेसाठी नवी चाल आणली नाही. भीतीचीच चाल उचलली आणि तिला वेळ दिला. मग बासरी एकटीच एक सरळ स्वरपंक्ती वर चढत जाते आणि कुठेही न थांबता पाचवा भाग सुरू होतो.

ही जागा वाजवणं फार अवघड आहे. काही कंडक्टर ओबोच्या ओळीवर इतके रेंगाळतात की ती वेगळी पडते, सुंदर वाटते आणि आधीच्या वादळाशी तिचं नातं तुटतं. त्या संध्याकाळी कंडक्टरने लय किंचितही सैल केली नाही. ओबो जणू पावसातच उभा राहून वाजवत होता. मला हेच योग्य वाटतं.

पाचवा भाग गुराख्याच्या गाण्याचा, वादळानंतरच्या आनंदी आणि कृतज्ञ भावांचा. क्लॅरिनेट एक हाक देतो, डोंगरावरून द्यावी तशी, मोकळ्या स्वरांची. खाली व्हायोलांनी दोन स्वर धरलेले असतात. हॉर्न तीच हाक उचलतो आणि त्याच्या खाली चेलो सा-प धरतात, पण आधीचा आधार अजून सुटलेला नसतो. क्षणभर दोन्ही आधार एकत्र वाजतात, थोडे खटकतात, आणि मग व्हायोलिनं मुख्य गाणं सुरू करतात. १८०८ सालच्या शिस्तशीर कानांना हे चुकीचं वाटलं असणार. मला ते रानातलं खरं ऐकणं वाटतं. एका माणसाची हाक विरायच्या आत दुसऱ्याची येते.

गुराख्याचं हे गाणं बीथोव्हेनने लिहिलं तेव्हा त्याचे कान जात चालले होते. १८०२ साली व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी त्याने भावांना उद्देशून एक मृत्युपत्रवजा पत्र लिहिलं. ते त्याने कधी पाठवलं नाही, मरणानंतर कागदपत्रांत सापडलं. त्यात त्याने एक अपमान सांगितला आहे: शेजारी उभ्या माणसाला दूरवरून बासरी ऐकू येते आणि आपल्याला काहीच नाही, त्याला गुराख्याचं गाणं ऐकू येतं आणि आपल्याला तेही नाही. जगणं संपवावं इथपर्यंत तो आला होता आणि कलेने आपल्याला धरून ठेवलं असं त्याने लिहिलं. सहा वर्षांनी पुऱ्या झालेल्या या सिम्फनीचा शेवट गुराख्याच्या गाण्यावर होतो. हे माहीत झाल्यावर तो भाग नुसता आनंदाचा म्हणून मला ऐकता येत नाही. जे कानांना मिळालं नाही ते त्याने इथे साठ-सत्तर माणसांकडून वाजवून घेतलं आहे, आणि त्यात तक्रारीचा एक स्वर नाही.

वादळात कडाडलेले ट्रॉम्बोन या भागात गाण्याला नुसता उबदार आधार देतात. टिंपनी पुन्हा नाही. वादक काठ्या खाली ठेवतो आणि शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतो. इतकं कडाडून झाल्यावर असं ऐकत बसायलाही साधना लागत असणार.

ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती २२ डिसेंबर १८०८ रोजी, व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये. १८०१ साली उघडलेलं ते नाट्यगृह आजही उभं आहे. त्या रात्री बीथोव्हेनने एकाच बैठकीत सहावी सिम्फनी, पाचवी सिम्फनी, चौथा पियानो कन्चेर्टो, कोरल फँटसी आणि आणखी बरंच काही वाजवून घेतलं. कार्यक्रम सुमारे चार तास चालला. थंडी कडाक्याची, सभागृह गारठलेलं, तालमी अपुऱ्या. कोरल फँटसी मध्येच कोलमडली आणि त्याने ती थांबवून पुन्हा सुरू करायला लावली. पाश्चात्त्य संगीतातल्या दोन सर्वांत मोठ्या सिम्फनी लोकांनी प्रथम ऐकल्या त्या कुडकुडत.

त्या काळी भागांच्या मधे टाळ्या पडत. आवडलेला भाग श्रोते पुन्हा वाजवायला लावत. १८१३ मध्ये सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग असाच पुन्हा वाजवावा लागला होता. आपल्या संगीत नाटकांतला वन्समोर हा याच कुळातला. 'पास्टोरल'चे शेवटचे तीन भाग बीथोव्हेनने एकमेकांना असे जोडून टाकले आहेत की वन्समोरला जागाच उरू नये. नाच तुटून वादळ, वादळ निवळून गाणं. आज मुंबईच्या सभागृहात दोन भागांच्या मधेही टाळी वाजत नाही. मैफलीत समेवर 'वाहवा' म्हणायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. मला सुरुवातीला ते फार कोरडं वाटत असे. पण या सिम्फनीला ती शांतता शोभते. श्रोत्यांनीही आपली दाद त्या टिंपनीवाल्यासारखी राखून ठेवायची, आणि शेवटचे दोन स्वरमेळ झाल्यावर ती एकदम सोडायची. त्या संध्याकाळी तशी ती सुटली. माझ्या शेजारच्या वृद्ध पारशी आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि कंडक्टरने एकेका वादकाला उभं केलं तेव्हा ओबो आणि क्लॅरिनेटनंतर टिंपनीवाल्याची पाळी आल्यावर त्यांनी हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. साडेतीन मिनिटं वाजवलेल्या त्या माणसाचं मोल त्यांना कळलेलं होतं.

परभणीहून, हिंगोलीहून, नांदेडहून कुणी हे ऐकायला जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. आधी घरी एकदा ऐकून जा, पण वादळाची जागा घरी नीट बसणार नाही. पाच विरुद्ध चार स्वरांचा तो गुरगुराट साध्या स्पीकरमधून निघत नाही. आणि तिकीट काढताना पुढच्या रांगेचा मोह धरू नका. तिथून पहिली व्हायोलिनं आणि कंडक्टरची पाठ दिसते. बाल्कनीतली जागा बऱ्याचदा स्वस्तही मिळते, तिथून मागच्या रांगा दिसतात, आणि तिसरा भाग संपत आला की नजर व्हायोलिनांवरून काढून सरळ मागे न्यायची.